डोनिंग्टन-ल-हीथचं घर : जतन नेमकं कोणत्या काळाचं?

लेस्टरला तुमचं कुणी राहत असेल, तर इथली ठरलेली सहल तुमची कधीतरी झाली असेल. बेलग्रेव्ह रोडवर खरेदी आणि जेवण, कॅथीड्रलमध्ये तिसऱ्या रिचर्ड राजाची समाधी, मुलं बरोबर असली तर स्पेस सेंटर. आमच्याकडे पाहुणे दोन दिवस राहिले, तर दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत घालून वायव्येला, कोलव्हिलच्या दिशेने नेतो. वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता. "तिथे काय आहे?" "एक जुनं घर आहे." पाहुण्यांचा चेहरा पडतो. जुनी पडकी घरं गावाकडे थोडी आहेत का, ती बघायला एवढं विमानाचं तिकीट काढायचं, असा विचार त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

घर डोनिंग्टन-ल-हीथ या गावात आहे. गाव कसलं, आता कोलव्हिलचाच एक कोपरा. फाटक, बाग, बाजूला जुनं कोठार, त्यात चहाची सोय. आणि मधे खडबडीत दगडाचं, जाड भिंतींचं, दोन मजली घर. राजवाडा नाही, किल्ला नाही. ज्याला आपण 'गावातलं मोठं घर' म्हणू, तेवढंच. पाटलाचं असावं असं. सध्या त्याचं नाव 'सोळाशे-वीसचं घर' असं आहे, म्हणजे १६२० च्या दशकातलं. या नावाबद्दलच मला बोलायचं आहे. पण आधी घर नीट बघू या, कारण ते खरोखरच बघण्यासारखं आहे.

मूळ बांधकाम १२९० च्या सुमाराचं. हा आकडा मी पाहुण्यांना फाटकातच सांगतो, कारण मराठी माणसाला तो सांगितला की काम होतं. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगून झाली तो काळ. नेवाशात त्या वेळचं काय उरलं आहे? ज्याला टेकून ज्ञानेश्वर बसले असं परंपरा मानते, तो पैसाचा खांब. ज्या देवळाचा तो खांब होता ते देऊळ गेलं, खांब राहिला. त्याच्याभोवती आता नवं मंदिर आहे. इथे मात्र त्याच सुमाराच्या भिंती छपरासकट उभ्या आहेत, त्यांच्या आतून जिना चढून जाता येतं. माझ्या मावशीने हे ऐकल्यावर भिंतीला हात लावून नमस्कार केला होता. तिथे ड्यूटीवर असलेल्या बाईंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

आता घराची रचना. तेराव्या शतकात या घराची मुख्य खोली वरच्या मजल्यावर होती. खाली कोठी. धान्य, पिंपं, अवजारं सगळं खाली, आणि माणसं वर. वर जायला घराच्या आतून नव्हे, तर बाहेरून पायऱ्या. आपल्याकडच्या गढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच समजेल. खाली ओल असते, चोरीची भीती असते, आणि मालकाने चार हात उंच बसावं ही इच्छा तर सगळ्या मुलखांत सारखीच. त्या काळच्या खिडक्या अरुंद, उभट, वर टोकदार कमानीच्या. काच महाग, थंडी फुकट, आणि बाहेरचा माणूस भरवशाचा नाही, अशा हिशेबाने केलेल्या.

मग सव्वातीनशे वर्षं उलटतात. १६१८ च्या सुमारास घराचं मोठं रूपांतर झालं. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची बारा वर्षं धरा. घर तेव्हा डिग्बी घराण्याकडे होतं. याच घराण्यातला एव्हरार्ड डिग्बी पार्लमेंट उडवून देण्याच्या कटात सापडला होता आणि १६०६ मध्ये त्याला देहदंड झाला होता. असली भानगड पदरी असूनही नातेवाइकांनी घरावर खर्च केला, याचं मला कौतुक वाटतं. दगडी दांड्यांनी विभागलेल्या रुंद खिडक्या बसल्या, खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि बैठक आली, कोठीची राहती खोली झाली. माणसं वरून खाली उतरली. घर बाहेर बघायला लागलं.

म्हणून या घरासमोर उभं राहिलात की एक खेळ करा. दर्शनी बाजू सोडून चारी बाजूंनी हिंडा आणि खिडक्या मोजू नका, वाचा. अरुंद आणि टोकदार असेल ती भित्र्या शतकातली. रुंद आणि चौकोनी असेल ती निवांत शतकातली. एकाच भिंतीत दोन्ही आहेत. सतराव्या शतकातल्या गवंड्याने जुन्या खिडक्या सगळ्याच्या सगळ्या काढून टाकल्या नाहीत. गरज होती तिथे मोठ्या केल्या, नव्हती तिथे राहू दिल्या. वास्तू म्हणून या घराचं खरं सौंदर्य मला यातच दिसतं. एका हाताने आखलेलं सुबक चित्र इथे नाही. बेलग्रेव्हमध्ये, आपल्या मिठाईच्या दुकानांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बेलग्रेव्ह हॉल आहे. अठराव्या शतकाच्या पहिल्या वर्षांतलं विटांचं तीन मजली घर, प्रमाणबद्ध, खिडक्यांच्या सरळ ओळी. ते एका दमात सुचलेलं घर आहे. डोनिंग्टनचं घर एका दमातलं नाही. ते चालवत चालवत आणलेलं आहे.

आणि ते आपल्यापर्यंत आलं कसं, हा प्रश्न या घराच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सतराव्या शतकानंतर हे घर मोठ्या लोकांचं राहिलं नाही. ते शेतघर झालं. मालक दुसरीकडे, आणि घरात कूळ. कूळ हा शब्द मराठीत आहे म्हणून मला हे लिहायला सोपं जातं. इंग्रजीत सांगताना त्यातला अर्धा अर्थ गळतो. पिढ्यान्‌पिढ्या या घरात जमीन कसणारी, खंड भरणारी कुटुंबं राहिली. त्यांच्याकडे घर पाडून नवं बांधण्याइतका पैसा नव्हता, आणि असता तरी घर त्यांचं नव्हतं. गळलं तिथे ठिगळ, मोडलं तिथे टेकू. श्रीमंत मालक घरात राहिला असता, तर अठराव्या शतकात त्याने ही अवजड दगडी पेटी नक्की पाडली असती आणि जागी बेलग्रेव्ह हॉलसारखं काही तरी उभं केलं असतं. इंग्लंडभर तसं झालं. इथे झालं नाही, कारण इथे राहणाऱ्यांची ऐपत नव्हती. १२९० आणि १६१८ ही दोन्ही सालं आज भिंतीत वाचता येतात ती कुळांच्या गरिबीमुळे.

शेवटी शेवटी तर माणसंही गेली. १९६० च्या दशकात घर मोडकळीला आलं होतं आणि त्यात डुकरं ठेवली जात होती. काउंटी कौन्सिलने ते घेतलं, दुरुस्त केलं, आणि १९७३ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांना उघडलं. हे काम साधं नव्हतं. ज्या घराला राजाराणीचा इतिहास नाही, जे एखाद्या वळणावर सहज भुईसपाट करता आलं असतं, त्यावर सरकारी पैसा घालायचा निर्णय त्या लोकांनी घेतला, याबद्दल आदरच आहे. लेस्टर शहरातला चौदाव्या शतकातला लाकडी गिल्डहॉलसुद्धा एके काळी पाडायला निघाले होते, आणि १९२० च्या दशकात तो दुरुस्त होऊन संग्रहालय झाला. तो निदान नगरसभेचा होता. हे तर शेतघर.

दुरुस्त झालं, पण मग प्रश्न आला : आत काय मांडायचं? आणि उत्तर आलं : १६२० चं दशक. आज खोल्या त्या काळासारख्या सजवल्या आहेत. स्वयंपाकघर, पलंग, टेबलं, बाहेर सतराव्या शतकाच्या पद्धतीची बाग, वनौषधींचे वाफे. नावसुद्धा तेच. शाळेच्या सहलीला हे उत्तम आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'या घरात सात शतकं साचली आहेत' असं सांगून काहीही कळत नाही. 'इथे ते जेवायचे, इथे झोपायचे' असं सांगितलं की कळतं. माझ्या मुलीला असंच कळलं. शिवाय आजची खिडक्यांची ठेवण, खालची राहती खोली, हे सगळं १६१८ च्या रूपांतराचंच आहे. तेव्हा ही निवड मनमानी नाही. तिला आधार आहे.

तरीही ती मला पटत नाही. आणि का पटत नाही हे मला बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं.

ज्या घरात माणसं सात शतकं राबली, त्यातलं एक दशक उचलून बाकीच्यांना 'आधी' आणि 'नंतर' करून टाकणं, हा जतनाचा एक जुना रोग आहे. या देशातच त्यावर औषध निघालं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली जुनी चर्चं 'मूळ रूपात' आणण्याची लाट आली होती. म्हणजे नंतरच्या शतकांनी चढवलेलं सगळं खरवडून काढायचं आणि जे मूळ होतं असं वाटतं ते नव्याने घडवायचं. याला चिडून विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. लोक तिला गमतीने 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडण्याविरुद्धची मंडळी, म्हणत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की इमारतीवर प्रत्येक काळाने जे केलं ते तिचंच आहे. आपण फक्त गळती थांबवावी, टेकू द्यावा, आणि मधली शतकं पुसू नयेत. ही संस्था आजही काम करते आहे.

पुढे २००८ मध्ये इंग्लिश हेरिटेजने वारशाचं मूल्य कशाकशात असतं याची तत्त्वं छापली. चार प्रकार सांगितले : पुरावा म्हणून मूल्य, इतिहास म्हणून, सौंदर्य म्हणून, आणि समाजाला त्याबद्दल जे वाटतं ते. डोनिंग्टनच्या घराला ही फूटपट्टी लावून बघा. पुरावा सात शतकांचा. सौंदर्य ठिगळांचं. इतिहास तर सगळ्यात लांबलचक कुळांचा. आणि मांडणी एका दशकाची, ज्यात घर तुलनेने सुखवस्तू लोकांचं होतं. कुळांचा आणि डुकरांचा उल्लेख घराच्या गोष्टीत येतो. येणारच, तो गमतीदार आहे. पण उल्लेख मिळणं निराळं आणि खोली मिळणं निराळं. वारसा म्हणजे शेवटी कुणाला खोली मिळाली याचा हिशेब असतो.

एक उदाहरण देतो. या घरात एक भलामोठा कोरीव पलंग आहे. तिसरा रिचर्ड १४८५ च्या ऑगस्टमध्ये बॉस्वर्थच्या लढाईआधी लेस्टरच्या 'ब्लू बोर' खानावळीत ज्या पलंगावर झोपला, तो हाच, अशी दंतकथा. ती खानावळ १८३६ मध्ये पाडली. पलंगाची घडण राजाच्या नंतरच्या काळातली आहे, राजा त्यावर झोपणं शक्य नाही. तरी लोक त्यापाशी थांबतात, फोटो काढतात. मीही काढला आहे. ज्या राजाची खरी हाडं २०१२ मध्ये लेस्टरच्या गाडीतळाखाली सापडली, त्याचा खोटा पलंग या घरात मानाने उभा आहे, आणि ज्यांनी हे घर जगवलं त्यांची साधी खाटसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, कुळांचं सामान उरलंच नसेल, मांडणार काय? खरं आहे. पण १६२० च्या खोल्यांमध्येही त्या घराचं मूळ सामान फारसं नाहीच. त्या काळचं किंवा त्या पद्धतीचं आणून मांडलेलं आहे. तसं एखादी खोली १९०० सालच्या कुळाची करता आली असती. किंवा त्याहून सोपं : एका खोलीत काहीच न मांडता भिंत तशीच ठेवायची, चुन्याचे थर, खिळे, दावणीच्या खुणा, जे असेल ते. मांडणीला खर्च नाही आणि खरवडण्यालाही नाही.

हे घर कोलव्हिलमध्ये आहे म्हणून हे जास्त बोचतं. कोलव्हिल म्हणजे नावाप्रमाणे कोळशाचं गाव. इथे स्निबस्टनच्या बंद खाणीवर मोठं संग्रहालय होतं. आमच्या मुलांची पहिली सहल तिथलीच. ते २०१५ मध्ये बंद झालं, आणि पुढच्या वर्षी इमारतही पाडली. खाणीची जुनी यंत्रणा उभी आहे, पण तिची गोष्ट सांगणारं घर गेलं. सरकारकडे पैसा कमी होता, हे मान्य. पण एका गावात सतराव्या शतकाचं सुखवस्तू घर राहतं आणि विसाव्या शतकातल्या खाणकामगारांचं संग्रहालय जातं, तेव्हा योगायोगातही एक कल दिसतो.

ही तक्रार मी एकदा आमच्या ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्याला ऐकवली. तो म्हणाला, आमच्याकडे नेमकं उलट आहे. मग मी वाचायला लागलो. आयर्लंडमध्ये मोठी घरं बहुतांशी जमीनदारांची, आणि जमीनदार म्हणजे परके. १९२० ते १९२३ च्या धामधुमीत त्यातली कित्येक जाळली गेली. त्याआधी १९०३ च्या कायद्याने कुळांना जमिनी विकत घ्यायची वाट मोकळी झाली होती. आपल्या कूळकायद्याची थोरली बहीण म्हणा. त्यामुळे त्या देशाने 'आपलं घर' म्हणून ज्याचं चित्र रंगवलं ते शेतकऱ्याचं होतं : एका खोलीच्या रुंदीचं लांबट घर, माती किंवा दगडाच्या भिंती, वर गवताचं शाकारलेलं छप्पर, मधे चूल. अभ्यासकांनी या घरांचे प्रकारही पाडले, आणि तेही चुलीवरून. दारातून आत शिरल्यावर समोर आडभिंत आणि पलीकडे चूल असेल तर एक प्रकार, तो पूर्वेकडे जास्त. दारातून थेट स्वयंपाकघरातच शिरत असाल आणि चूल दुसऱ्या टोकाला असेल तर दुसरा, तो पश्चिमेकडे. वायव्येकडे चुलीशेजारी भिंतीत कोनाडा करून त्यात म्हाताऱ्यांचं अंथरूण घालायची पद्धत होती. राजवाड्यांचे प्रकार कमानींवरून पाडतात. इथे म्हाताऱ्या माणसाला ऊब कुठून मिळते यावरून.

तिथेही सगळं छान आहे असं नाही. चुना मारलेलं पोस्टकार्डावरचं गोंडस घर पुष्कळ विकलं गेलं, आणि खरी घरं गवत शाकारणारे कारागीर मिळेनात म्हणून पत्र्याखाली गेली. पण २०२१ मध्ये आयरिश सरकारने साध्या लोकांच्या घरांसाठी, लोकवास्तूसाठी, स्वतंत्र धोरण जाहीर केलं. शेतघर हे शेतघर म्हणूनच मोलाचं आहे, त्यात कुणी सरदार राहिला होता का हे विचारायचं नाही, हे त्यामागचं गृहीत. इंग्लंडच्या बाजूनेही एक सांगायला हवं. इथल्या संरक्षित वास्तूंच्या यादीत चार लाखांच्या आसपास नोंदी आहेत आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त शेवटच्या श्रेणीतल्या. त्यात असंख्य शेतघरं आहेत, आणि लोक त्यात राहतात, वैतागतात, खिडकी बदलायला परवानगी मागतात. कायद्याने शेतघराला जागा दिली आहे. अडचण गोष्ट सांगायला बसलं की येते.

आता आपल्याकडे येतो. इतका वेळ मी दुसऱ्यांच्या घरात बोट दाखवत होतो.

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तुमच्याप्रमाणे मलाही आनंद झाला, आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर पेढे वाटणं चालू होतं. शनिवारवाडा आहे, विश्रामबागवाडा आहे. पण कुणब्याचं घर? माझं गाव उमरगा तालुक्यात. आमचं घर माळवदाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आत सागवानी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराचं माप फुटात नाही, खणात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आमचं घर नऊ खणांचं. ओसरी, माजघर, भिंतीत धान्याचं बळद, अंगणापलीकडे गोठा. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश असताना माजघरात घोंगडी अंथरून झोप लागायची. कुठल्याही आर्किटेक्टने काढलेलं नाही, आणि त्यातली एकही गोष्ट उगाच नाही.

आणि याच घरांनी माणसं मारली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं त्याच जाड भिंतींखाली आणि मातीच्या छपरांखाली गेली. हे बाजूला ठेवून माळवदाचं कौतुक करणं मला जमत नाही. पण दोषाचं निदानही नीट व्हायला हवं. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारे आरपार दगड बऱ्याच ठिकाणी नव्हते, त्यामुळे भिंती फुटून दोन्हीकडे पडल्या. वर दर दोन-चार वर्षांनी गळती थांबवायला मातीचे थर चढत गेलेले, म्हणून छताचं ओझं वाढलेलं. उलट जिथे छताचा भार लाकडी खांबांच्या चौकटीवर होता आणि सांधे धड होते, तिथे काही ठिकाणी भिंत गेली तरी छत उभं राहिलं. म्हणजे त्या बांधणीत मरण होतं आणि त्यावरचा उपायही होता. पण लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला. बावन्न गावं नव्या जागी वसवली, सरळ रेषेतले रुंद रस्ते, जमिनीच्या प्रमाणात अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरं. जीव वाचवणारी घरं होती, त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये. पण ओसरी गेली, बळद गेलं, बैल कुठे बांधायचा हे कागदावर नव्हतं. लोकांनी मग पुढेमागे पत्रे टाकले आणि घराचं पुन्हा घर केलं.

आमचं गाव स्थलांतराच्या यादीत नव्हतं. घराला तडे गेले, दुरुस्ती झाली, ते उभं राहिलं. आता तिथे माझा चुलत भाऊ राहतो, म्हणजे शेजारी सिमेंटचं घर बांधून त्यात राहतो. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला होता. खांब, तुळया, कोरीव चौकटीचं दार, सगळ्याचा ठोक भाव सांगून गेला. असली दारं शहरातल्या हॉटेलांत, बंगल्यांत लागतात हे तुम्ही पाहिलं असेल. भाऊ म्हणाला, "दादा, तुझी सही लागते. छत यंदा गळलं. मी तरी किती माती चढवू? आणि चढवली तर तूच म्हणतोस ओझं वाढतं."

त्याला काय सांगायचं? लेस्टरमध्ये बसून 'वारसा आहे, राहू दे' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर तुळई ठेवणं. मी सात हजार किलोमीटरवर, तिथे साप निघाला तर काठी घेऊन तो जाणार. संग्रहालय करायला आमचं घर ना १२९० चं, ना कुणा डिग्बीचं. आजोबांच्या आजोबांनी बांधलं एवढंच घरात माहीत आहे. आणि क्षणभर माझ्याही मनात तेच आलं, जे मी डोनिंग्टनच्या मंडळींना नावं ठेवताना नाकारत होतो : निदान ओसरी तरी 'मूळ' करू, आजोबांच्या वेळेसारखी. नंतर लावलेली शहाबादी फरशी काढू, भूकंपानंतर मारलेलं सिमेंट खरवडू, कंदील लावू. मलाही माझं एक दशक हवं होतं. माझ्या लहानपणाचं.

सिमेंट खरवडायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलं. त्या तड्यांमध्ये भरलेलं सिमेंट म्हणजे १९९३ आहे. ते त्या घरावर घडलेलं सगळ्यात मोठं काम आहे.

सहीचं अजून ठरलेलं नाही. आमच्यात तिघांचे हिस्से आहेत आणि तिघांची मतं तीन. दार तेवढं विकायचं नाही, यावर एकमत झालं आहे. दोन खणांवरची माती काढून हलकं छप्पर टाकायला किती लागेल, याचा अंदाज भाऊ काढतो आहे. एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून करून घेतली, आणि तुमचं गावाकडे असं घर असेल तर तुम्हीही करून घ्या, पुढे ते राहो न राहो. घर मोजायचं. फीत घेऊन, प्रत्येक खण, प्रत्येक भिंतीची जाडी, कोनाडे, उंबरे, चुलीची जागा, आणि जिथे जे आहे त्याचा फोटो. त्याने दोन रविवार लावले, भाचीला मदतीला घेतलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याचा मेसेज आला, की माजघर झालं, पण बळदात सध्या फवारणीचा पंप आणि खताच्या रिकाम्या गोण्या आहेत, त्या बाहेर काढून मग फोटो घेऊ का?

मी लिहिलं, काढू नको. पंपासकट घे.